चेहरा : निरंक

राजा असणं आणि राजा दिसणं या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि त्यातली पहिली तुलनेने सोपी. असण्यासाठी योग्य घरात जन्म घेतला की भागतं. दिसण्यासाठी मात्र सात हात उंच कापड, घागरभर जवसाचं तेल, एकोणीस खाती, एक कुत्रा आणि दुसऱ्याच कुणाचे तरी गुडघे लागतात.

हे गुडघे गेली एकतीस वर्षं बैठकदारांचे होते.

बैठकदार म्हणजे कोण, असा प्रश्न पडणं हेच त्या पदाचं यश. महाराजांना राज्यकारभारातून सवड नसते (राज्यकारभारात शिकार, दुपारची झोप आणि पदकं लावून आरशात बघणं हे सगळं आलं), आणि तैलचित्रासाठी तर कुणाला तरी सात-आठ महिने न हलता समोर बसावं लागतं. तेव्हा महाराजांचा पोशाख घालून महाराजांच्या जागी बसणारा पगारी माणूस, तो बैठकदार. निवड कडक असे. छाती, खांदे आणि गुडघे मापात हवेत. मग उमेदवाराच्या अंगावर माशी सोडून पाव तास थांबायचं. या परीक्षेत शेकडा अठ्ठ्याण्णव नापास होत. आपले बैठकदार पहिल्या फटक्यात पास झाले होते. माशीच कंटाळून उडाली. छाती तेवढी बोटभर जास्त भरली, म्हणून पुढची एकतीस वर्षं त्यांनी अर्धा श्वास सोडून नोकरी केली. सरकारी नोकरीत एवढं तेवढं चालायचंच.

चेहऱ्याचा मात्र प्रश्न नव्हता. चेहरा महाराजांचाच काढायचा असल्यामुळे कामाच्या वेळात बैठकदाराच्या डोक्यावर जाड कापडाची पिशवी चढवत. तिला श्वासासाठी दोन भोकं असत (डोळ्यांसाठी आणखी दोन पाडण्याचा प्रस्ताव बावीस वर्षं विचाराधीन होता). शिवाय नोकरीच्या अटींत कलम नऊ होतं. बैठकदाराच्या चेहऱ्याचं चित्र कुणीही, कुठेही, नोकरीत असताना किंवा नंतरही काढू नये. कारण धड एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं हे प्रजेच्या लक्षात आलं, तर प्रजा आणखीही काही लक्षात घेऊ लागेल. कलम मोडलं तर निवृत्तिवेतन बंद आणि कुटुंबाचा व्यवसाय-परवाना रद्द.

कुटुंबाचा व्यवसाय म्हणजे बटणांचं दुकान. ते बैठकदारांची बायको चालवायची. राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खणांची जागा, भिंतभर लहान लहान कप्पे, आणि नियमानुसार दर्शनी भागात महाराजांच्या तैलचित्राची छापील तसबीर. तसबीर रोज पुसणं प्रत्येक दुकानदारावर बंधनकारक होतं. बैठकदारीणबाई पुसायच्या, पण फक्त गुडघे. महाराजांच्या तोंडावर चार वर्षांची धूळ होती आणि गुडघे असे लखलखीत, की गिऱ्हाइकाने त्यात बघून भांग पाडावा.

"अहो," एका संध्याकाळी शिंपल्याची बटणं वेगळी करता करता त्या म्हणाल्या, "साडेसहाशे ठिकाणी माझ्या नवऱ्याचे गुडघे टांगलेत, आणि माझ्यापाशी तुमची एक तसबीर नाही."

"मी आहे की."

"तुम्ही काय जन्माला पुरणार आहात? आमच्या बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. टोपी आठवते. काठी आठवते. खोकला तर अजून कानात आहे. पण चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. तुमचं तसं झालं तर मी काय करायचं? गुडघ्यांकडे बघत बसायचं?"

"गुडघे वाईट नाहीत," बैठकदार जरा दुखावून म्हणाले.

"वाईट कोण म्हणतंय? पण गुडघ्यांशी भांडता येत नाही."

बैठकदारांनी कलम नऊची आठवण करून दिली. बाईंनी कलम नऊचं काय करावं ते थोडक्यात सांगितलं. मग दोघं पुन्हा बटणं निवडू लागली. पण ते वर्ष नोकरीचं शेवटचं होतं, हे दहावं तैलचित्र शेवटचं होतं, आणि ज्या दिवशी त्याचं अनावरण होणार त्याच दिवशी बैठकदार निवृत्त होणार होते. त्यानंतर ते आणि चित्रकार एका खोलीत कधीच येणार नव्हते, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं.

आता त्या तैलचित्राविषयी. राजेशाही तैलचित्रात कुठलीही वस्तू उगाच नसते. प्रत्येक वस्तूला अर्थ असतो आणि प्रत्येक अर्थाला एक खातं असतं. तलवार शौर्याची. पण ती पूर्ण उपसली तर शेजारच्या राज्याला युद्धाची धमकी वाटते आणि म्यानात ठेवली तर आपल्याच सेनापतींना अपमान वाटतो; म्हणून सहा बैठकांनंतर ती म्यानाबाहेर दोन-तृतीयांश काढायचं ठरलं. ग्रंथ विद्वत्तेचा. त्यात बोट घालून तो मिटलेला दाखवायचा, म्हणजे महाराज वाचतच होते पण प्रजेने व्यत्यय आणला असं वाटतं. योग्य जाडीचा आणि लाल कातडी बांधणीचा एकच ग्रंथ राजवाड्यात निघाला. तो घोड्यांच्या अपचनावर होता, म्हणून नाव पलीकडच्या बाजूला वळवण्यात आलं. पृथ्वीचा गोल दूरदृष्टीचा. महाराजांचा हात त्यावर ठेवला तर आपलं राज्य एका नखाखाली झाकलं गेलं. नख सरकवलं तर ते शेजारच्या राज्यावर गेलं आणि त्यांचे वकील तडक निषेधाचा खलिता घेऊन आले. शेवटी बोट समुद्रावर ठेवलं. (मासेमारी खात्याने त्याचंही श्रेय घेतलं.)

खिडकीबाहेरचा ढग हा संकटाचा, आणि तो दूर जाताना दाखवायचा. पण संकट कधी होतं, तर आधीच्या महाराजांच्या काळात, आणि आधीचे महाराज म्हणजे राजमातेचे यजमान. राजमाता म्हणाल्या, "आमच्या ह्यांना ढग म्हणणारा तू कोण?" यावर जुन्या राजचित्रकारांनी राजीनामा दिला आणि ढग अर्ध्यावर राहिला. मखमली पडदा मात्र एकमताने मंजूर झाला. पडद्यामागे काहीतरी असतं एवढंच त्याचं प्रतीक, आणि काय असतं ते विचारायचं नसतं.

निष्ठेचा कुत्रा पशुखात्याने पाठवला. नमुना श्वान क्रमांक दोन, पांढरा, डावा कान तपकिरी. त्याने मान वर करून महाराजांकडे एकटक बघायचं, असा लेखी हुकूम होता. त्याने तो तंतोतंत पाळला, कारण बैठकदारांच्या झग्याच्या खिशात पावाचे तुकडे असत. एरवी खऱ्या महाराजांना बघून तो पलंगाखाली जाई. पण निष्ठा ही चित्रापुरतीच मागवलेली होती.

एवढी काळजी का, असं कुणी विचारेल. कारण चिन्हखात्याने रीतसर पाहणी केली होती. तसबिरीसमोर उभ्या केलेल्या शंभर प्रजाजनांपैकी एकाहत्तर जणांनी आधी तलवार पाहिली, एकोणीस जणांनी कुत्रा, सात जणांनी पदकं मोजली, दोघांनी चौकट तिरकी असल्याचं कळवलं. उरलेला एक घाईत होता. (चौकट सरळ करण्यात आली.)

जुन्या राजचित्रकारांच्या जागी ज्या बाई आल्या, त्या आधी दुकानांच्या पाट्या रंगवत. कुठल्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या. केशकर्तनालयाच्या पाटीवर कात्री इतकी धारदार काढत की लोक हात लांब ठेवून जात, एवढीच त्यांची पदवी. सगळे त्यांना चितारीणबाई म्हणत. कोपरापर्यंत रंग, कानामागे एक कुंचला कायमचा, आणि तो हरवला म्हणून दिवसातून तीनदा शोधाशोध. ढगाचा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी सोडवला. तो इतका छोटा केला की राजमातेला तो पक्षी वाटला.

सातव्या महिन्यात एका दुपारी बैठकदारांनी धीर केला.

"बाई," ते पिशवीतून म्हणाले, "एक विचारू? एवढ्याशा कागदावर, पेन्सिलीने… माझं तोंड काढाल का? घरी बायकोला हवंय."

कुंचल्याचा आवाज थांबला.

"कलम नऊ," चितारीणबाई म्हणाल्या.

"हो. कलम नऊ."

"या खोलीत महाराजांशिवाय कुणाचाही चेहरा काढता येत नाही."

"बरोबर आहे. सहज विचारलं."

"बसा सरळ. डावा गुडघा झोपलाय."

गुडघा खरंच झोपला होता. बैठकदारांनी तो जागा केला आणि विषय संपला, असं त्यांना वाटलं.

पुढची अडचण महाराजांच्या चेहऱ्याची होती. चेहऱ्याबाबत दरबाराकडून चौदा सूचना आल्या होत्या. डोळे भविष्याकडे असावेत, पण समोर उभ्या माणसाला आपण दिसत नाही असं वाटू नये. ओठांवर स्मित असावं, पण कशाचं ते कळू नये. नजरेत करुणा असावी, पण लोकांनी अर्ज करावा इतकी नको. या सगळ्यासाठी महाराजांनी स्वतः एकदा बसणं आवश्यक होतं. तीन तारखा रद्द झाल्या. चौथ्या तारखेला महाराज आले. महाराज स्वभावाने चांगले होते. त्यांनी चितारीणबाईंना 'छान छान' म्हटलं, एक सफरचंद खाल्लं, गादी टोचते म्हणून दोनदा बदलून घेतली, आणि एकूण अकरा मिनिटं थांबले. त्यातली सात मिनिटं ते आरशाकडे तोंड करून पदकं मोजत होते, त्यामुळे चितारीणबाईंना त्यांचा डावा कान चांगला मिळाला. अनावरण बारा दिवसांवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चितारीणबाई बराच वेळ चित्रासमोर नुसत्या उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "बैठकदार, पिशवी काढा."

"अहो, नियम?"

"उकडतंय. उकाड्याला नियम नाही."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा बैठकदार त्या खोलीत उघड्या तोंडाने बसले. त्यांना एकदम लाज वाटली, आणि लाजेमुळे कुठे बघावं ते कळेना. चित्राची मागची बाजू त्यांच्याकडे होती. लाकडी पट्ट्या, खिळे, आणि खाली चितारीणबाईंच्या चपला.

"बायकोने तसबीर कशाला मागितली?" चितारीणबाईंनी विचारलं.

बैठकदारांनी बाबांच्या टोपीची गोष्ट सांगितली. मग बोलता बोलता बायकोचीच सुरू झाली. लग्नानंतर पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण बाईंच्या हातून हरवलं, काळं, चार भोकांचं. चार दिवस दोघं गुडघ्यांवर रांगत दुकान शोधत होती. पाचव्या दिवशी ते बैठकदारांच्याच बुटात निघालं. चार दिवस ते त्यावर उभे राहून शोधत होते. "तेव्हा तिने मला काय काय म्हटलं म्हणून सांगू! आणि म्हणता म्हणता इतकी हसली, इतकी हसली…"

"हां," चितारीणबाई म्हणाल्या, "आता हलू नका."

असे नऊ दिवस गेले. रोज उकडत होतं. (हवामान खात्याच्या नोंदीत त्या नऊपैकी सहा दिवस गारठा आहे, खात्याचा काहीतरी घोळ असावा.)

मग तपासणी. राजेशाही तैलचित्र तपासणीशिवाय टांगत नाहीत. वीस ओळींचा तक्ता असतो, आणि प्रत्येक खात्याचा प्रमुख येऊन फक्त आपलं चिन्ह तपासतो, कारण दुसऱ्याच्या चिन्हात डोकावणं शिष्टाचाराला धरून नसतं. तलवारवाल्यांनी पट्टी लावून म्यान मोजलं. मासेमारीवाल्यांनी समुद्र ओला वाटतो असा शेरा दिला. पशुखात्याचे प्रमुख कानाच्या तपकिरीपुढे दोन मिनिटं गहिवरून उभे होते. खात्यांच्या सह्या झाल्या आणि तक्त्यात तळाशी एक ओळ उरली : चेहरा.

"साहेब, इथे सही कोण करणार?" धाकट्या कारकुनाने विचारलं.

"चेहरा कुणाचा आहे?" मोठे कारकून म्हणाले.

"महाराजांचा."

"मग त्याला खातं कसं असेल? महाराजांचा चेहरा तपासणारे आपण कोण? निरंक लिही."

धाकट्याने लिहिलं. चेहरा : संबंधित खाते : निरंक. शिक्का बसला.

अनावरणाला निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला सहकुटुंब बोलावण्याची चांगली प्रथा होती. बैठकदार आणि बाई शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी उभे होते. बाईंनी कपाटातली सगळ्यात चांगली बटणं लावली होती. चिन्हप्रमुखांनी दोरी ओढली, कापड बाजूला झालं आणि मागून चित्रातला मखमली पडदा दिसला. काही मंडळी तोही उघडण्याची वाट बघत राहिली.

टाळ्या पडल्या. बैठकदारांनी तलवार पाहिली. मग कुत्रा पाहिला. मग सवयीने गुडघे पाहिले. डावा सुरेख आला होता, झोपलेला मुळीच वाटत नव्हता. तेवढ्यात बाईंनी त्यांचं कोपर असं गच्च धरलं की त्यांनी मान वर केली.

स्वतःला ओळखायला त्यांना जरा वेळच लागला. आरशाबाहेर दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

निवृत्तिवेतन, दुकान, भिंतभर कप्पे, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. पिशवीची इतकी गरज त्यांना एकतीस वर्षांत कधी वाटली नव्हती. आणि नेमकं तेव्हाच बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई!"

टाळ्या थांबल्या. दोनशे माना मागे वळल्या. चितारीणबाईंनी कानामागचा कुंचला काढून मुठीत धरला.

"काय झालं, बाई?" चिन्हप्रमुखांनी विचारलं.

बाईंनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, पुन्हा चित्राकडे.

"कुत्रा," त्या म्हणाल्या. "किती जिवंत आलाय हो!"

सभागृहाने सुस्कारा सोडला. पशुखात्याचे प्रमुख उठून वाकले. खरा कुत्रा आपलं नाव ऐकून पुढच्या रांगेतून उठला, थेट मागे येऊन बैठकदारांच्या पायाशी बसला आणि हुकमाप्रमाणे मान वर करून एकटक बघू लागला. (शिस्तभंगाची नोंद झाली.)

महाराज चित्राजवळ गेले. त्यांनी नाकाशी नाक लावून निरखलं. "बाराच?" ते म्हणाले. "पदकं तेरा आहेत."

"तेरावं पडद्याआड आहे, महाराज," चितारीणबाई म्हणाल्या. महाराजांचं समाधान झालं.

राहिल्या राजमाता. बैठकदार मनातल्या मनात सामान बांधू लागले, कारण आईला फसवणारा रंग अजून कुणी घोटलेला नाही. राजमाता बराच वेळ बघत होत्या, आधी पक्ष्याकडे, मग वर. त्यांचे डोळे भरून आले.

"हल्ली किती मायाळू दिसायला लागलास रे," त्या मुलाला म्हणाल्या. "असाच राहा."

महाराज लाजले. त्यांना हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

महिन्याभरात साडेसहाशे प्रती राज्यभर लागल्या आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. लोक अर्ज करू लागले. वर्षाला चाळीस अर्ज येत, ते आठवड्याला चाळीस येऊ लागले. कुणाचं छप्पर गळतंय, कुणाच्या विहिरीवर शेजारी कुलूप लावतोय. अर्जाच्या शेवटी बहुतेकांनी लिहिलेलं असायचं, 'आपल्याकडे बघून सांगावंसं वाटलं.' मायाळू दिसतो म्हटल्यावर महाराजांनाही उत्तरं देणं भाग पडलं; काही छपरं खरंच दुरुस्त झाली. कारण शोधायला चौकशी समिती नेमली गेली. तिने तलवार तपासली, गोल तपासला, समुद्र पुन्हा ओला आहे का ते पाहिलं, आणि तीनशे पानी अहवालात सर्व दोष कुत्र्यावर ठेवला.

बटणांच्या दुकानातही नियमानुसार नवी तसबीर आली. बैठकदारीणबाई ती रोज दोनदा पुसू लागल्या, सकाळी मऊ फडक्याने आणि संध्याकाळी त्याहून मऊ फडक्याने. गुडघ्यांवर धूळ साचू लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या गालावर हात ठेवून तिच्याकडे बघत.

"मी इथे जिवंत बसलोय ना," खाली बटणं ओवता ओवता बैठकदार म्हणत.

"तुम्ही बसा. तिथे तुम्ही मधे बोलत नाही."

वर्षअखेरीस तसबीर-निरीक्षक आले. त्यांनी काचेवर बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि थक्क झाले. राज्यात इतकी पुसलेली तसबीर त्यांना आढळली नव्हती. 'आदर्श निष्ठावंत दुकानदार' हे प्रमाणपत्र त्यांनी जागेवर लिहून दिलं. मग नियमाप्रमाणे ते दोन पावलं मागे गेले आणि तसबिरीकडे बघू लागले. तिच्या बरोबर खाली, तसंच तोंड वर करून, बैठकदार उभे होते. श्वास आता पूर्ण घेत, पण या घडीला मुळीच न घेता.

निरीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. बाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

"आजोबा," निरीक्षक म्हणाले, "जरा बाजूला व्हा. तलवार दिसत नाही."

आजोबा बाजूला झाले. प्रमाणपत्र आजही तिथे आहे, तसबिरीच्या खालच्या खिळ्याला.

वाचकांनी निरीक्षकांना हसायला हरकत नाही. फक्त त्याआधी एक छोटीशी पाहणी. तलवार म्यानाबाहेर किती होती, हे तुम्हाला आठवतंय. कुत्र्याचा कुठला कान तपकिरी, ग्रंथ कशावर होता, हरवलेल्या बटणाला भोकं किती, तेही तुम्ही सांगाल. आता बैठकदारांचे डोळे कसे होते, नाक कसं होतं, हसताना ते कसे दिसायचे, तेवढं सांगा. ते इथे कुठेही लिहिलेलं नाही, आणि इथवर येईपर्यंत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुमच्या नावापुढच्या रकान्यात काय भरायचं, ते मोठ्या कारकुनांना विचारण्याची आता गरज नाही.